प्रथमपुरुषी अनेकवचन

वर्गाचं दार ढकलून धाकटी आत आली आणि एक पाय आत, एक पाय बाहेर अशी तिथेच थबकली. पहिल्या बाकावर, फळ्याच्या अगदी नाकासमोर, तिची थोरली जाऊ बसली होती. समोर नवी कोरी वही, वहीवर पट्टी, पट्टीशेजारी टोक केलेल्या दोन पेन्सिली. थोरलीने मान वळवून दाराकडे पाहिलं आणि दार वाऱ्याने उघडलं असावं तशी पुन्हा वहीकडे वळली.

मागे फिरावं, तर जिन्यात आणखी तीन बायका चढत होत्या. धाकटी चडफडत आत शिरली आणि पार शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी जाऊन बसली. तिथे आधीच एक म्हातारे गृहस्थ बसले होते. साऱ्या वर्गात तेवढेच एक पुरुष.

“नवशिक्यांसाठीच आहे ना हा वर्ग?” त्यांनी हळूच विचारलं.

“पाटीवर तरी तसंच लिहिलंय,” धाकटी जरा मोठ्यानेच म्हणाली. “पण काही लोक घरून शिकून आलेले दिसतात.”

पहिल्या बाकावरची मान हलली नाही. एका पेन्सिलीचं टोक मात्र मोडल्याचा आवाज आला.

वाचनालयाच्या माडीवरची ही खोली, दर शनिवारी चार ते सहा, असे दहा शनिवार. निघताना धाकटीने नवऱ्याला ‘बँकेत जाऊन येते’ म्हणून सांगितलं होतं. या वेळी बँक बंद असते हे त्याच्याही लक्षात आलं नाही आणि तिच्याही. थोरली खालच्या मजल्यावरून ‘बटणं आणते’ म्हणून बाहेर पडली होती. दोघी ताकाला निघाल्या होत्या आणि दोघींनीही भांडं लपवलं होतं.

घर एकच होतं. खाली थोरला भाऊ आणि थोरली, वर धाकटा भाऊ आणि धाकटी. दोन्ही संसारांत मिळून मुलगा एक. तो धाकटीच्या पोटचा, पण थोरलीच्या शिलाई मशीनखाली मोठा झालेला. धाकटीची नोकरी बस डेपोत, चौकशीच्या खिडकीवर, सकाळी सातपासून. तान्ह्या मुलाला ती साडेसहाला खाली नेऊन द्यायची आणि चारला परत आणायची. मधल्या वेळेत थोरली शाळेचे गणवेश शिवायची आणि तो चिंध्यांच्या ढिगात लोळायचा. पुढे तो शाळेत गेला तोही थोरलीने शिवलेल्या गणवेशात, आणि डबा कुणी दिला असं बाईंनी विचारलं की ‘मोठ्या आईने’ म्हणायचा. धाकटीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खरं तर थोडं वाटायचं, पण ते वाटणं बसच्या वेळापत्रकात बसत नव्हतं.

आणि अशा या घरात चार वर्षं अबोला होता.

अबोला म्हणजे अगदी मिठाची गुळणी नव्हे. एका छपराखाली राहायचं तर नळ, दिवा, जिना यांच्याबद्दल बोलावंच लागतं. फक्त ते एकमेकींशी बोलायचं नाही, हवेशी बोलायचं. “जिन्यातला दिवा लोकांनी दिवसभर चालू ठेवलाय,” असं थोरली भिंतीला सांगायची. “काही जणांचं कुरिअर आलंय, त्यांनी न्यावं,” असं धाकटी कठड्याला सांगायची. ‘तू’ नाही, ‘तुम्ही’ नाही. नुसते लोक, काही जण, आणि फार राग आला तर ‘मंडळी’. दोघे भाऊ एकमेकांशी व्यवस्थित बोलत होते, त्यामुळे या बाबतीत त्यांचं मत कुणी विचारत नव्हतं.

खरी पंचाईत निराळी होती. अबोला कशावरून सुरू झाला, हेच धाकटीला ठाऊक नव्हतं.

दिवस तेवढा लख्ख आठवत होता. मुलाला बाहेरदेशी शिकायला जागा मिळाल्याचं पत्र आलं होतं. थोरली शिवताना बोटात चढवलेलं अंगुस्तान तसंच ठेवून धावत वर आली होती, कुठे राहणार, काय खाणार, एवढ्या थंडीत कसं करणार, शंभर प्रश्न. धाकटी म्हणाली, “बसा ना, वहिनी.” मग म्हणाली, “चहा टाकते.” मग म्हणाली, “आम्ही बघतो काय करायचं ते, तुम्ही नका काळजी करू.” थोरली बसली नाही, चहाला थांबली नाही, जिना उतरून गेली ती गेलीच. धाकटीने ती तीन वाक्यं उलटीसुलटी करून शंभरदा तपासली होती. त्यात वावगं काही सापडेना. तीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसून तिने परक्या माणसांच्या हजार प्रश्नांना उत्तरं दिली होती. स्वतः खाली जाऊन ‘माझं काय चुकलं?’ एवढी एक चौकशी काही तिच्याने झाली नाही. पहिल्या महिन्यात लाज वाटली, दुसऱ्या महिन्यात राग आला, आणि नंतर सवय झाली.

मुलाला हे कुणीच कळवलं नव्हतं. तो फोन करायचा, खाली वेगळा, वर वेगळा. आणि महिन्यापूर्वी त्याने दोन्ही मजल्यांवर एकच बातमी सांगितली: लग्न ठरवलंय. मुलगी गोड आहे. तिची आई व्हिडिओवर भेटणार आहे.

“मी तिच्या आईला सांगितलंय, मला दोन आया आहेत,” तो म्हणाला. “तिला तुम्हा दोघींना एकत्र बघायचंय. शेजारी शेजारी. आणि आई, तिला स्पॅनिशशिवाय ओ की ठो कळत नाही. चार वाक्यं तरी शिकून ठेव. मी मध्ये तोंड घालणार नाही, मजा जाते.”

होणाऱ्या विहिणीसमोर एका सोफ्यावर, खांद्याला खांदा लावून बसायचं, आणि त्या दोघी आया आहेत हे तिला पटायला हवं. धाकटीला स्पॅनिशची भीती नव्हती. तिला सोफ्याची होती.

स्पॅनिशच्या बाई तिशीच्या आतल्या, बोटांना कायम खडू. त्यांनी फळ्यावर पहिलं क्रियापद लिहिलं: आब्लार, म्हणजे बोलणे.

“सुरुवातीला एच आहे, पण तो उच्चारायचा नाही. स्पॅनिशमध्ये एच मुका असतो.”

“बोलणे या क्रियापदातच?” खिडकीपाशी बसलेले काका म्हणाले. “आणि तोही पहिल्याच जागी?”

“हो. लिहायचा, पण त्याने बोलायचं नाही.”

धाकटीने पुढच्या बाकाकडे पाहिलं. असतं एखाद्या घरात, असं तिच्या ओठावर आलं होतं.

बाई समजावत गेल्या. क्रियापदाचं शेपूट कापायचं आणि बोलणाऱ्याप्रमाणे नवं लावायचं. मी बोलते, आब्लो. तू बोलतेस, आब्लास. ती बोलते, आब्ला. वर्ग गोंधळला. तेवढ्यात थोरलीने शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला.

“म्हणजे कापड तेच, फक्त काठ बदलायचा.”

“अगदी बरोबर, काकू!”

त्या ‘अगदी बरोबर’ने धाकटीचा पुढचा अर्धा तास कडू केला. त्यात बाई ‘प्रथमपुरुष, द्वितीयपुरुष, तृतीयपुरुष’ असं म्हणाल्या आणि मधल्या बाकावरची बेकरीवाली फिस्सकन हसली. “तीन कुठले, बाई? आमच्या वर्गात एकच आहे.” त्या दिवसापासून खिडकीतले काका साऱ्या वर्गाचे प्रथमपुरुष झाले. ते निवृत्त पोस्टमन होते आणि त्यांची काही हरकत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच पहिला आलो, म्हणाले.

मग बाईंनी जोड्या लावायला हजेरीपट घेतला. यादी आडनावाप्रमाणे होती.

“अरे, या दोन काकूंचं आडनाव एकच आहे. पत्तासुद्धा एकच! तुम्ही एकमेकींच्या कोण?”

थोरली पट्टीवरचे आकडे वाचत होती.

“जावा असणार,” प्रथमपुरुष म्हणाले. “तीस वर्षं पत्रं वाटलीत मी. एका पत्त्यावर दोन बायका आणि एक पत्र घ्यायला दोन दारं उघडली की जावा.”

वर्ग खो खो हसला. धाकटीला वही उचलून पहिल्या बाकावर जावं लागलं. चार वर्षांत त्या इतक्या जवळ बसल्या नव्हत्या. थोरलीच्या अंगाला मशीनच्या तेलाचा तोच जुना वास येत होता. धाकटीचा जीव उगीचच गलबलला आणि तिने तो खोकल्यावर नेला.

“एकमेकींना प्रश्न विचारा,” बाई म्हणाल्या. “तू आब्लास, तू स्पॅनिश बोलतेस का?”

त्यांच्या भाषेतही ‘तू’ला ‘तू’च म्हणतात हे पाहून दोघींच्या कपाळाला आठ्या पडल्या. धाकटीने थोरल्या जावेला अरेतुरे करणं जन्मात शक्य नव्हतं. आणि थोरलीला धाकटीला ‘तू’ म्हणायचं नव्हतं, कारण ‘तू’ म्हटलं की बोलल्यासारखं होतं.

“दुसरं नाही का काही?” थोरलीने विचारलं.

“आहे ना. उस्तेद, म्हणजे आदरार्थी तुम्ही. पण एक गंमत आहे. उस्तेदला क्रियापद मात्र तृतीयपुरुषाचं लागतं. समोरच्या माणसाशी बोलायचं, पण तिसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं.”

बाकीच्या वर्गाला हे दोनदा समजवावं लागलं. या दोघींना एका फटक्यात समजलं. ही तर त्यांच्या घरचीच बोली होती.

“उस्तेद आब्ला एस्पान्योल?” धाकटी फळ्याला उद्देशून म्हणाली.

“सी. आब्लो,” थोरली फळ्यालाच म्हणाली.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. चार वर्षांतलं हे पहिलं संभाषण होतं, पण मराठीत नसल्यामुळे ते धरायचं नाही, असं दोघींनीही मनातल्या मनात ठरवलं.

न धरायच्या गोष्टी मग वाढत गेल्या. तिसऱ्या आठवड्यात जिन्यातून वर आवाज आला, “उस्तेद नो आपागा ला लूस.” तुम्ही दिवा बंद करत नाही. धाकटी स्वयंपाकघरातून धावत कठड्याशी आली, शब्दकोश उघडून, बोट ठेवून, खाली ओरडली, “सी आपागो!” करते मी बंद! उलट तुम्हीच दाराला कडी लावत नाही, हे तिला सांगायचं होतं, पण कडीला शब्द सापडेना. तोवर खालून मशीन सुरू झालं होतं.

दोघे भाऊ खाली बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते.

“काय म्हणाली रे?”

“दिवा म्हणाली बहुतेक.”

“शिवी नव्हती ना?”

“चालीत तर होती.”

गंमत म्हणजे या भाषेत त्यांना भांडणही धड करता येत नव्हतं. बाईंनी फक्त नियमित क्रियापदं घेतली होती, आणि तीही वर्तमानकाळात. असणं, जाणं, हवं असणं, जमणं, ही सगळी अनियमित निघाली. ती पुढच्या वर्गात.

“म्हणजे जगायला लागतात ती सगळीच की,” धाकटी एकदा वैतागून म्हणाली होती.

“जगणं नियमित आहे, काकू,” बाई हसून म्हणाल्या. “विवीर. चालवून दाखवा.”

आणि भूतकाळ नसल्यामुळे मागचं उकरून काढायची सोयच नव्हती. ‘तुम्ही तेव्हा असं म्हणालात’ हे वाक्यच बनत नव्हतं. उरलं ते एवढंच: तुम्ही चहा पिता का, मी पीत नाही, तुम्ही दार उघडता, मी खिडकी उघडते. बालवाडीतल्या पोरींसारख्या त्या जिन्यात बोलत होत्या, आणि धाकटीला दुपारी चार वाजले की कान जिन्याकडे लागल्याचं जाणवू लागलं. तिला ते आवडत होतं. कबूल केलं नसतं, पण आवडत होतं.

सातव्या शनिवारी प्रथमपुरुष आले नाहीत. त्यांची दाढ काढली होती.

“बरं झालं,” बाई म्हणाल्या आणि जीभ चावली. “म्हणजे, आज मला एक नवीन सर्वनाम शिकवता येईल.” आतापर्यंत सगळे मिळून ‘नोसोत्रोस’ म्हणत होतो, तो पुल्लिंगी शब्द. सगळ्या बायकाच असल्या की ‘नोसोत्रास’. पण अकरा बायकांत एक पुरुष आला की पुन्हा ‘नोसोत्रोस’.

“अकरा जणींवर एक दाढदुखी भारी?” बेकरीवाली उसळली.

वर्गात बराच वेळ कालवा चालला. तो शमल्यावर बाईंनी फळ्यावर ‘नोसोत्रास’ लिहिलं, पुढे बरोबरचं चिन्ह काढलं, आणि लिहिलं: आम्ही, आपण.

थोरलीचा हात वर गेला.

“दोन्ही कसं? एक काहीतरी असेल ना.”

“नाही, काकू. स्पॅनिशमध्ये त्यात फरकच नाही. आम्ही काय, आपण काय, शब्द एकच.”

“असं कसं?” थोरली उभी राहिली. वर्गात उभं राहायची काही पद्धत नव्हती. “समोरच्या माणसाला आत घेतलंय का दाराबाहेर ठेवलंय, हे त्या माणसाला कळायचं कसं?”

“संदर्भावरून कळतं.”

“फरक असतो, बाई. एक जण म्हणतं, ‘आपण बघू काय करायचं ते.’ आणि एक जण म्हणतं, ‘आम्ही बघतो काय करायचं ते, तुम्ही नका काळजी करू.’ हे एकच झालं?”

ती फळ्याकडे बघून बोलत होती. आवाज चढला नव्हता, उलट शेवटी शेवटी अगदी बारीक झाला होता. मग ती खाली बसली आणि पट्टी वहीच्या कडेला नीट लावू लागली.

धाकटीचं पेन कागदावर टेकलं होतं तिथेच राहिलं, आणि शाईचा ठिपका वाटाण्याएवढा झाला.

आम्ही. एवढंच? त्या दिवशी ती स्वतः कोणत्या ‘आम्ही’बद्दल बोलली होती? आम्ही दोघं नवराबायको फॉर्म भरतो, पैशांचं बघतो, तुम्हाला कशाला त्रास, अशा चांगल्या मनाने ती म्हणाली होती. आणि समोर उभी होती अंगुस्तान घातलेली बाई, जिने अठरा वर्षं त्या मुलाचं शी-शू काढलं, तापात रात्री काढल्या, बाराखडी घोटून घेतली. तिला एका सर्वनामाने जिन्याखाली पाठवलं. आधी धाकटीला राग आला. चार वर्षं, एका शब्दावरून! तोंड उघडून सांगता येत नव्हतं? मग राग कसा कोण जाणे आपोआप उतरला आणि तिला इतकी लाज वाटली, की बाईंनी ‘काकू, तुम्ही चालवा’ म्हटल्यावर ती नियमित क्रियापद अनियमित चालवून बसली.

घरी येऊन तिने कोश उघडला. मराठीत खाली जाऊन बोलणं अशक्य होतं. मराठीत चार वर्षं साचली होती. जे काय ते स्पॅनिशमध्ये सांगून मोकळं व्हावं. माफ करणे: पेर्दोनार. नशिबाने नियमित निघालं. तिने आनंदाने ते चालवलं. योऽ पेर्दोनो. मग अर्थ वाचला: मी माफ करते. म्हणजे हे भलतंच, चोर सोडून संन्याशाला फाशी! उस्तेद पेर्दोना: तुम्ही माफ करता. ही तर जाहीर बातमीच झाली. ‘मला माफ करा’ कुठल्याच काठात बसेना.

पानं चाळता चाळता आणखी एक शब्द सापडला: क्रिआर. लहानाचं मोठं करणे. कोशात पुढे ‘मुले, कोंबड्या इ.’ असंही होतं. तिने शेपूट कापलं, नवं लावलं, आणि एक वाक्य कागदावर उतरवलं. वाचून पाहिलं तर तिला ते चूक वाटलं. मुलगा सव्वीस वर्षांचा, आणि वाक्य वर्तमानकाळात: नोसोत्रास क्रिआमोस आल निन्यो, आपण छोट्या मुलाला वाढवतो. भूतकाळ यायला अजून महिना होता.

तरी ती दुसऱ्या दिवशी धीर करून कठड्याशी गेली. “नोसोत्रास...” तिने खाली हाक घातली.

मशीन थांबलं. “सी?”

धाकटीने हातातला कागद दुमडला. “नोसोत्रास... बेबेमोस ते?” चहा घेऊ या?

“नो बेबो,” थोरली म्हणाली. पीत नाही. पण मशीन लगेच सुरू झालं नाही.

दहावा शनिवार झाला आणि रविवारी सकाळी अकराला फोन ठरला. सोफा खालच्या मजल्यावर होता. धाकटी चार वर्षांनी त्या खोलीत आली. गणवेशांचे ढीग कोपऱ्यात सारलेले, सोफ्यावर इस्त्री केलेली चादर. दोघी बसल्या. मध्ये एक उशी होती; ती कुणी ठेवली आणि कुणी काढावी हे ठरलं नव्हतं. दोघे भाऊ चित्रात येणार नाहीत अशा बेताने दारामागे उभे होते. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवला होता.

पडद्यावर आधी मुलगा दिसला, मग त्याची होणारी बायको, आणि मग दोघांना कोपराने बाजूला सारत एक गुबगुबीत, चष्मा लावलेली बाई, जी चष्मा वर करून पडद्याच्या इतक्या जवळ आली की नुसतं नाक दिसू लागलं.

“ओला! ओला!”

“ओला,” दोघी म्हणाल्या. आवाज कातर होता, पण दोघींचा सारखाच.

सुरुवात बरी गेली. थोरली म्हणाली, मी शिवते. धाकटी म्हणाली, मी वाचते, मी चालते. मी पोहते असंही म्हणून गेली, कारण ते क्रियापद पाठ होतं. आयुष्यात ती कधी पाण्यात उतरली नव्हती. विहीणबाई प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या. मग त्या थांबल्या, बोट उचललं, एकदा थोरलीकडे केलं, एकदा धाकटीकडे, आणि हसत एक छोटा प्रश्न विचारला. त्यातला एकच शब्द कळला, पण तेवढा पुरे होता. ममा.

ममा कोण?

धाकटीला बाजूला हालचाल जाणवली. थोरलीचा हात मांडीवरून उठत होता. सरळ, शांतपणे, तो धाकटीकडे वळत होता, दुकानात ‘तुमचं माप यांच्याकडे द्या’ म्हणताना वळावा तसा.

“नोसोत्रास,” धाकटी एकदम म्हणाली. एवढ्या मोठ्याने की पडद्यावरचा मुलगा दचकला. “नोसोत्रास क्रिआमोस आल निन्यो!”

हात अर्ध्यावर थांबला.

पडद्यावर विहीणबाईंनी छातीवर तळवा ठेवला आणि ‘आऽऽ’ असा लांब सूर काढला. मुलाने बोलणार नाही असं कबूलच केलं होतं, पण आता तो बोलूही शकला नसता, असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं. धाकटी मात्र कपाळाला हात लावून बसली. महत्त्वाच्या वेळी काळ चुकला होता.

“वाढवतो झालं ते,” ती पुटपुटली, कुणाशी ते तिलाही ठाऊक नव्हतं. “वाढवलं म्हणायचं होतं. मला भूतकाळ येत नाही.”

“तेच आहे.”

धाकटीने मान वळवली. थोरली पडद्याकडे बघत नव्हती, भिंतीकडेही नाही. ती तिच्याकडे बघत होती, आणि डोळ्यांत पाणी असूनही चेहऱ्यावर ती पहिल्या बाकावरची हुशारी होती.

“नोसोत्रासला भूतकाळातही तेच रूप आहे. वाढवतो तेच, वाढवलं तेच. पुढच्या धड्यात दिलंय.” तिने नाक ओढलं. “तू पुढचा धडा वाचत नाहीस ना कधी.”

दारामागे बुद्धिबळाची एक सोंगटी खाली पडून गडगडत गेली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

“मला वाटलं चुकलं, वहिनी,” धाकटी म्हणाली.

“चुकलं होतंच.” थोरलीने मधली उशी उचलून पाठीमागे घेतली. “आत्ता नाही चुकलं.”

तेवढ्यात विहीणबाईंनी डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली, आणि आता या दोघींना सगळं येतंय अशा खात्रीने एक लांबच्या लांब प्रश्न सोडला. त्यात कुठे थांबा नव्हता, ओळखीचं शेपूट नव्हतं. संपल्यावर त्या आशेने बघत राहिल्या.

“काय विचारलं?” थोरली ओठ न हलवता म्हणाली.

“मला काय माहीत. तुम्हाला कळलं?”

“अक्षर नाही.”

“मग आता?”

“मग सांगू या तसं, आपल्याला नाही कळत म्हणून. होऊन जाऊ दे.”

थोरलीने गुडघ्यानेच ताल दिला, एक, दोन, आणि दोन्ही आया ताठ बसून, पोटातून हसू दाबत, एका सुरात म्हणाल्या,

“नो कोम्प्रेन्देमोस!”